बेचाळीस नंबरचा साचा

फेब्रुवारीत आमच्या ला तेहात
उकाडा असतो, डास असतात, आणि बास्केटबॉलच्या मैदानात
रिफायनरीच्या ज्योतीकडं पाठ करून
कार्निव्हलचा मंच उभा राहतो, फळ्यांचा.

नेल्लीनं तिकीट गळ्यात मारलं म्हणून मी गेले.
तिचा जावई झांजा वाजवतो.
मला ह्या खेळांचं फारसं कधी नव्हतंच.
तीस वर्षं मोंतेविदेओतल्या लोकांच्या कवळ्या घडवतेय;
कुणी गायला लागलं की लोक गाणं ऐकतात,
मी दात बघते.

चौदा जण होते. निळे झगे, चेहऱ्यांवर चांदीची नक्षी,
आणि एकाच्या टोपावर तर अख्खं जहाज, शिडांसकट.
पहिला तासभर नगरपालिकेची, पेन्शनची,
आमच्या हरणाऱ्या फुटबॉल संघाची टिंगल.
लोक हसले. मीही हसले, जरा उशिरानं.

मग जहाजवाल्यानं तोंड उघडलं
आणि मला माझंच काम दिसलं.
वरची कवळी. गेल्या हिवाळ्यातली. साचा नंबर बेचाळीस.
दार्दो! कत्तलखान्यातून निवृत्त झालेला दार्दो,
मापाला तीनदा आला
आणि तिन्ही वेळचे मिळून सात शब्द बोलला असेल.
त्यातले चार, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते.
मी कान टवकारून बसले. आता वाजेल. आता वाजेल.

निरोपाचं गाणं सुरू झालं
आणि ध्वनिक्षेपक एकदा खाकरून
गेला.

दिवे होते. नुसती हलणारी तोंडं होती.
मागून कुणीतरी शीळ घातली.
ढोलवाल्यानं टिपरू काखेत मारलं,
आणि ते चौदाही जण फळ्यांच्या पार काठावर आले,
खांद्याला खांदा,
पुन्हा पहिल्या ओळीपासून,
उघड्या गळ्यांनी.

आधी काही पोचलंच नाही.
मग सॉसेज भाजणाऱ्या बाईनं गॅस बंद केला.
खुर्च्या करकरायच्या थांबल्या.
एक पोर रडत होतं, तेही आपलं आपण थांबलं.

आणि मग आला तो.
जाड, कडेला थोडा फाटलेला,
चौदा गळ्यांचा एक आवाज.
शब्द साधेच होते:
की उद्या हे टोप पेटीत जातील,
की ह्या गल्लीतली एक खिडकी अजून आम्हाला ओळखते,
की पुढल्या वर्षी आम्ही असू, नसू,
तुम्ही मात्र या.
त्या ‘या’वर बाकीचे खाली उतरले
आणि दार्दो एकटा वर राहिला.

मी त्या टाळूवरून अंगठा फिरवलेला आहे.
तिथं डावीकडं वाटाण्याएवढा एक उंचवटा आहे,
मेण लावताना तो टाळावा लागतो.
माझ्या वहीत त्याची नोंद आहे, मिलिमीटरमध्ये.
तिथं हे राहतं
याची नाही.

पुढच्या ओळीत शिट्टी वाजली. बारीक, एकदाच,
केटलीतून वाफ निसटावी तशी.
रडले का मी?
हो. नेल्लीसमोर. नाक गळेपर्यंत.
ते गात गात मंचावरून उतरले, खुर्च्यांमधून गेले,
कुणाचा तरी झगा माझ्या गुडघ्याला घासला
आणि चमकीचे चार कण ठेवून गेला.
दार्दोच होता का, कोण जाणे.
मी मान वर केलीच नाही.

मंगळवारी तो दुकानात आला.
कानामागं चांदी, तशीच.
“डावीकडं टोचते,” म्हणाला. “वरच्या पट्टीत.”
मी कानस घेतली. दोन हलके हात मारले,
पाण्याखाली धरलं, पुसलं.
“आणि ती शिट्टी?”

सांगायचं खूप होतं.
फळीवर बेचाळीस नंबरचा साचा
प्लॅस्टरचं तोंड वासून बसला होता.
“ती असू दे,” म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या गुडघ्याकडं.
परवाचाच स्कर्ट होता, धुवायचा राहिलेला.

“आ करा,” मी म्हटलं.